वेग त्यांचा, बॅटरी आमची

आपल्या कॅन्टीनमध्ये सध्या दोन गोष्टींवर सर्वांचे एकमत आहे. एक, चहात दूध कमी असते. दुसरी, फाइव्ह-जी आल्यापासून मोबाइलची बॅटरी टिकत नाही. पहिलीवर मी लिहीत नाही. तिथे वादाला जागाच नाही. दुसरीवर मात्र लिहावेसे वाटते, कारण हा आरोप अर्धा खरा आहे. उरलेल्या अर्ध्या भागात जे दडले आहे त्याकडे आपले लक्ष जात नाही, आणि माझे म्हणणे सगळे त्याच अर्ध्याबद्दल आहे.

विज्ञान शाखेतले मित्र लगेच विचारतील, अर्थशास्त्र आणि मराठी घेतलेल्या मुलीने रेडिओलहरींच्या भानगडीत का पडावे? याला माझे उत्तर सरळ आहे. दुपारी तीनला माझा मोबाइल बंद पडतो, तेव्हा तो माझी शाखा विचारत नाही. ज्याचे जळते त्यालाच कळते.

प्रथम थोडा हिशेब पाहू. २००३ साली नोकियाचा ११०० हा फोन आला. आपल्या घराघरांतून तो होता. कित्येकांच्या आजोबांच्या टेबलाच्या खणात तो अजूनही सापडेल. त्याची बॅटरी ८५० मिलीअँपिअर-तासांची, म्हणजे ऊर्जेच्या भाषेत साधारण तीन वॅट-तासांची. आज आपल्या हातातल्या बेताच्या किमतीच्या फोनमध्ये ५,००० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे सुमारे एकोणीस वॅट-तास. शिदोरी सहापट झाली. तरीही आजोबांचा फोन चार-पाच दिवस चालत असे आणि नातीचा संध्याकाळपर्यंत पोहोचत नाही. मग ही सहापट शिदोरी खाते कोण?

खाणारे मुख्यतः तिघे आहेत. एक पडदा, दुसरा आतला संगणक आणि तिसरा रेडिओ. पडदा डोळ्यांना दिसतो, म्हणून दोष त्याच्या माथी जातो आणि आपण तो मंद करून समाधान मानतो. संगणक गरम होतो, म्हणून त्याचीही आठवण राहते. रेडिओ मात्र दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. टॉवरशी बोलणारा हा भाग बोलतो किती, यावर त्याचा खर्च ठरतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात बोलून झाल्यावर तो किती वेळ जागा राहतो, यावर बराचसा खर्च ठरतो.

कळंबोलीच्या नाक्यावरचा शेअर रिक्षावाला पाहा. एक प्रवासी उतरला की तो लगेच इंजिन बंद करीत नाही. दुसरा येईल, तिसरा येईल, म्हणून इंजिन धडधडत ठेवून उभा राहतो. पुन्हा चालू करण्याचा त्रास नको, हे त्याचे कारण. मोबाइलचा रेडिओ हुबेहूब असाच वागतो. एक निरोप आला, गेला. तरी आणखी काही येईल या आशेने तो काही सेकंद पूर्ण दमाने जागा राहतो आणि मगच डुलकी घेतो. संशोधक या रिकाम्या धडधडीला ‘शेपटी’ म्हणतात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये थ्री-जी फोनवर ही शेपटी मोजली. ती बारा सेकंदांच्या आसपास भरली, आणि एका साध्या देवाणघेवाणीत खर्च झालेल्या ऊर्जेपैकी जवळजवळ साठ टक्के या शेपटीत वाया जात होती! म्हणजे जेवण चाळीस पैशांचे आणि जेवणानंतर ओट्यावर बसून राहण्याचे साठ पैसे.

फोर-जी आल्यावर हे सुधारले असेल, असे वाटणे साहजिक आहे. मिशिगन विद्यापीठ आणि एटी अँड टी कंपनीची प्रयोगशाळा यांतील संशोधकांनी २०१२ मध्ये ते तपासले. शेपटी साडेअकरा सेकंदांची निघाली, म्हणजे जवळजवळ तेवढीच. पण त्या काळात जळणारी वीज पूर्वीपेक्षा जास्त होती. वायफायशी तुलना केली तर काही वापरांत फोर-जी ऊर्जेच्या बाबतीत तेवीसपटीपर्यंत उधळे ठरले. इंजिन मोठे झाले आणि नाक्यावर उभे राहण्याची सवय तशीच राहिली, असा याचा अर्थ.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. नवे जाळे आले की बॅटरीची रड सुरू होते, हे काही फाइव्ह-जीपासूनचे नाही. २००७ मध्ये पहिला आयफोन आला तेव्हा त्यात थ्री-जी नव्हते, आणि का नाही असे विचारल्यावर स्टीव्ह जॉब्सने थ्री-जीच्या चिपा फार वीज खातात, हेच कारण पुढे केले होते. पुढच्याच वर्षी थ्री-जीचा आयफोन निघाला. त्याच्या कंपनीनेच छापलेल्या माहितीत टू-जीवर दहा तास बोलता येईल आणि थ्री-जीवर पाच तास, असे स्पष्ट लिहिले होते. एकच फोन, एकच बॅटरी. वेग वाढला आणि बोलणे निम्मे झाले. फोर-जीचे पहिले फोन अमेरिकेत २०११ च्या सुमारास निघाले, तेव्हाही हेच झाले. मग चिपा लहान झाल्या, स्वतंत्र बसवलेला रेडिओ मुख्य चिपेत सामावला, जाळ्याचे नियम सुधारले आणि रड थांबली. ती थांबते न थांबते तोच नवे जाळे आले. दर दहा वर्षांनी पहिल्या पंगतीला बसणाऱ्यांच्या बॅटरीवर हा प्रयोग होतो आणि दुसऱ्या पंगतीला जेवण नीट मिळते. आपल्याकडे फाइव्ह-जीचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीत झाले आणि मुंबई पहिल्या यादीतच होती. पहिल्या पंगतीचा मान मिळाला खरा!

फाइव्ह-जीची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. २०२१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील व इतर संशोधकांनी केलेल्या मोजणीत असे दिसले, की थोडी थोडी माहिती रखडत आणायची असेल तर फाइव्ह-जी महाग पडते. पण मोठे ओझे एकदम आणायचे असेल तर दर एककामागे ते फोर-जीपेक्षा स्वस्त पडते. ट्रकने एक वांगे आणणे परवडत नाही, पण पनवेलच्या बाजारातून शंभर पोती आणायची तर ट्रकच परवडतो. आता आपण दिवसभर काय आणतो ते प्रत्येकाने स्वतःला विचारावे. वर्गाच्या ग्रुपवरचे ‘ओके’, मावशीचे ‘शुभ सकाळ’, बँकेची सूचना, कोणीतरी कोणाचा तरी फोटो पसंत केल्याची वर्दी. सगळी वांगी! आणि प्रत्येक वांग्यामागे ट्रकचे इंजिन काही सेकंद धडधडत उभे. बीजिंगच्या संशोधकांनी २०२० मध्ये त्या वेळच्या फाइव्ह-जी फोनवर मोजले, तेव्हा रेडिओने चक्क पडद्यापेक्षा अधिक ऊर्जा खाल्लेली आढळली. त्यानंतर चिपा सुधारल्या आहेत, हे मान्य. पण आपल्या वर्गात किती जणांचे फोन नवीन चिपेचे आहेत? ताईने वापरून दिलेला, दादाने हप्त्यावर घेतलेला, तीन वर्षांचा, काच तडकलेला, असेच अधिक.

आता आमच्या नावड्याकडे येते, कारण वरचे सगळे प्रयोगशाळेतले झाले. खरी गंमत रेंजमध्ये आहे.

नावडे हे अनेकांना फक्त दिवा-पनवेल मार्गावरचे एक स्टेशन म्हणून माहीत असेल. एका बाजूला तळोजे पांचनंद, दुसऱ्या बाजूला कळंबोली. गावठाण जुने, घरे दाटीची. त्याला लागून सिडकोच्या आराखड्यातल्या नव्या इमारती, अर्ध्या राहत्या आणि अर्ध्या उभ्या राहत असलेल्या. पलीकडे तळोजा एमआयडीसीच्या पत्र्याच्या शेड, मधून पनवेल-मुंब्रा रस्त्यावरची अवजड वाहतूक. रेडिओलहरींच्या दृष्टीने याहून वाईट भूगोल शोधून सापडणार नाही. जाड काँक्रीट लहरी पिते, पत्रा त्या परतवतो. त्यात फाइव्ह-जीचा मुख्य पट्टा आपल्याकडे ३,३०० मेगाहर्ट्झच्या आसपास आहे. लहरी जितक्या वरच्या पट्ट्यातल्या, तितक्या त्या भिंतीपुढे लवकर हात टेकतात. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा भिंतीतून चांगला शिरतो. तो २०२२ च्या लिलावात जिओने घेतला. सगळ्यांकडे तो नाही.

रेंज क्षीण झाली की फोन काय करतो? माणूस करतो तेच. समोरच्याला ऐकू जात नसेल तर आपण आवाज चढवतो. फोनही आपली प्रक्षेपणशक्ती वाढवत नेतो. फोर-जी आणि फाइव्ह-जीमध्ये तिची नेहमीची कमाल मर्यादा सुमारे ०.२ वॅट असते. आकडा किरकोळ दिसतो. पण तेवढी शक्ती बाहेर फेकण्यासाठी आतला प्रवर्धक त्याच्या काही पट वीज ओढतो आणि उरलेल्याची उष्णता करतो. खिशातला फोन उगाच गरम लागला, की समजावे स्वारी टॉवरला हाका मारीत आहे. शिवाय फाइव्ह-जी मिळाले, सुटले, फोर-जीवर आला, पुन्हा फाइव्ह-जी शोधले, ही शिवाशिवी चालूच राहते. एअरटेलने आरंभी जी पद्धत स्वीकारली तिच्यात फाइव्ह-जी हे फोर-जीचा हात धरून चालते, म्हणजे फोनला दोन रेडिओ एकाच वेळी जागे ठेवावे लागतात. जिओने स्वतंत्र फाइव्ह-जी उभारले, तिथे ही दुहेरी चाकरी नाही. पण रेंज क्षीण असेल तर हाका माराव्याच लागतात.

म्हणून मी म्हणते, बॅटरी खाणारा चोर फाइव्ह-जी हा नव्हे. अर्धवट पोहोचलेले फाइव्ह-जी हा तो चोर. टॉवरच्या पायथ्याशी राहणाऱ्याला या वेगाची किंमत थोडी पडते आणि शहराच्या कडेला राहणाऱ्याला जास्त. मासिक रिचार्ज मात्र दोघांचे सारखेच. माझी एक मैत्रीण बेलापूरला राहते. तिचा माझा फोन एकाच कंपनीचा, एकाच वर्षाचा. कॉलेज सुटताना तिच्या फोनकडे रोज शिल्लक असते आणि माझा रोज मागत असतो. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे आणि ती माझ्यापेक्षा कमी रीळ पाहते हेही खरे. पण रोज सकाळी नावड्यातून निघून गाडीत उभे राहून येईपर्यंत माझ्या फोनने किती टॉवर बदललेले असतात, हेही हिशेबात धरावे लागेल.

“मग फोर-जीवर ठेव की!” असा सल्ला मिळतो. पुष्कळ फोनमध्ये तशी सोय आहे. आयफोनमध्ये तर २०२० पासून असा पर्याय आहे, की बॅटरीवर फार ताण पडत नसेल तेव्हाच फोन फाइव्ह-जी वापरतो. सल्ला चांगला आहे, मीही तो देते. पण या साध्या सल्ल्याच्या वाटेत एक अर्थशास्त्र आडवे पडले आहे.

जुलै २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी दर वाढवले. तेव्हापासून जिओ आणि एअरटेल यांचे अमर्याद फाइव्ह-जी मुख्यतः रोज दोन जीबी किंवा त्याहून जास्त डेटाच्या पॅकवर मिळू लागले. अशा पॅकवर फोर-जीने घेतलेला डेटा मोजला जातो, फाइव्ह-जीने घेतलेला मोजला जात नाही. आता सांगा, जिने घरून मागून मागून महागाचा रिचार्ज केला आहे आणि जिच्या एका फोनवर संध्याकाळी धाकटा भाऊही अभ्यासाचे व्हिडिओ पाहतो, ती फाइव्ह-जीचे बटण बंद करील का? ती डेटा वाचवील आणि बॅटरी घालवील. पैशाच्या ऐवजी चार्जिंगने भरलेला हा कर आहे. तो कुठल्याही पावतीवर छापलेला नसतो. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, ते हेच. अमर्यादपणाची जाहिरात कंपनीची, आणि त्या अमर्यादाला पुरी पडायची ती पाच हजाराची मर्यादित बॅटरी आपली.

अर्थशास्त्राच्या तासाला जेव्हन्सचे नाव निघाले होते, त्याची येथे आठवण होते. इंग्लंडातल्या कोळशावर १८६५ मध्ये त्याने पुस्तक लिहिले आणि दाखवून दिले, की वाफेची इंजिने काटकसरी झाली म्हणून कोळसा वाचला नाही, उलट जास्त खपला. कारण इंजिन स्वस्तात चालते म्हटल्यावर लोकांनी ते हजार नव्या कामांना जुंपले. डेटाचे तेच झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ येण्यापूर्वी आपल्या देशात माणशी महिन्याचा डेटा एका जीबीच्या आतबाहेर होता. नोकियाच्या अहवालाप्रमाणे २०२४ मध्ये तो सरासरी सत्तावीस जीबींच्या पुढे गेला. दर जीबीमागे लागणारी वीज कितीही कमी होवो, जीबीच सत्तावीसपट झाल्यावर बॅटरीने करावे काय? वेग वाढला की थांबावे लागत नाही आणि थांबावे लागले नाही की आपण उठत नाही. पूर्वी व्हिडिओ अडकला की वैतागून फोन खाली ठेवायचो. त्या वैतागाने आपली बॅटरी किती वाचवली, याची कुणी नोंद ठेवली नाही! म्हणजे दोषाचा एक वाटा आपलाही आहे आणि तो मी नाकारीत नाही. पण व्हिडिओ संपायच्या आत पुढचा आपोआप सुरू होण्याची युक्ती काही आपण काढलेली नाही.

हे सगळे गमतीचे राहिले असते, जर मोबाइल हा नुसता करमणुकीचा डबा असता. पण गेल्या दहा वर्षांत आपण त्यात काय काय भरून ठेवले आहे? २०१६ मध्ये यूपीआय आले आणि पाकीट मोबाइलमध्ये गेले. रेल्वेचे तिकीट मोबाइलमध्ये गेले; आणि फोन बंद पडल्यामुळे तिकीट दाखवता आले नाही, तर तपासनिसाच्या लेखी तुम्ही विनातिकीटच. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, बँकेचा व्यवहार, सगळ्याच्या किल्ल्या ओटीपीत आणि ओटीपी मोबाइलमध्ये. ज्या फोनला दिवसभर जागे राहण्याची सक्ती आहे, तोच फोन दिवसभर टिकत नाही, ही आजची स्थिती आहे.

संध्याकाळी सातनंतर नावडे रोड स्टेशनवर उतरणाऱ्या मुलींना विचारा. दिवा-पनवेल मार्गावर गाड्या हार्बरसारख्या दर काही मिनिटांनी नसतात. एक चुकली की थांबणे आले. घरी कळवायचे असते, रिक्षा मिळेल का पाहायचे असते, नाही मिळाली तर भावाला बोलवायचे असते. अशा वेळी पडद्यावर लाल रंगाचा तीन टक्क्यांचा आकडा दिसला, की काय वाटते ते लिहून सांगण्यासारखे नाही. घरातली माणसे फोन लावतात आणि तो बंद लागतो. मग रात्री जो वाद होतो त्यात लहरींची वारंवारता वगैरे कोणी ऐकून घेत नाही. “कॉलेजात दिवसभर मोबाइलच बघत बसतेस” हा निकाल तयार असतो. पुढच्या खेपेला सातच्या गाडीने येण्याची परवानगी काढली जाते, म्हणजे वाङ्मय मंडळाची बैठक बुडते, नाटकाची तालीम बुडते. बॅटरीची टक्केवारी आणि मुलीचे स्वातंत्र्य यांचा असा संबंध असेल, हे कोणत्याही जाहिरातीत दाखवलेले नाही.

तळोज्याच्या कारखान्यांत पाळीने जाणाऱ्यांचेही तेच. पत्र्याच्या शेडमध्ये आठ तास फोन टॉवरला हाका मारीत राहतो आणि सुटी होते तेव्हा घशाला कोरड पडलेली असते, फोनच्या आणि माणसाच्याही. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात चार माणसांमागे एकच चालता फोन असतो.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. बॅटरी रोज लवकर उतरणे ही नुसती त्या दिवसाची गैरसोय नसते. त्याने बॅटरीचे आयुष्यही सरते. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ मध्ये, तिच्या जनकांना २०१९ मध्ये नोबेल मिळाले, पण तिचे म्हातारपण कोणी टाळू शकलेले नाही. पाचशे पूर्ण आवर्तनांनंतर ऐंशी टक्के क्षमता उरावी, असा हिशेब कित्येक फोनांसाठी धरला जात असे. दिवसाला एक आवर्तन झाले तर पाचशे आवर्तने सुमारे दीड वर्ष पुरतात. रेंजच्या ओढाताणीने दिवसाला दीड आवर्तन झाले तर अकरा महिन्यांतच ती संपतात. वर उष्णता, जी या बॅटरीची सर्वात मोठी वैरीण. आणि मे महिन्यातले नावडे कसे असते ते तेथे राहणाऱ्यांना सांगायला नको. मग दुकानदार म्हणतो, “बॅटरी बदलण्यापेक्षा नवीनच घ्या, ताई.”

येथवर आले की माझा राग थोडा वाढतो, तो असा. वेगवान जाळ्याला लागणाऱ्या विजेचा हिशेब सर्वत्र होतो. कंपन्या आपल्या टॉवरचे वीजबिल बारकाईने पाहतात. चीनमधल्या लुओयांग शहरात २०२० मध्ये वापर कमी असलेल्या रात्रीच्या वेळी फाइव्ह-जीची काही यंत्रे झोपवण्यात आली, ती बिल वाचावे म्हणूनच. आपल्या पनवेलजवळ २०२० मध्ये सुरू झालेल्या मोठ्या डेटा सेंटरसारख्या जागी विजेचा प्रत्येक एकक मोजला जातो, कारण तोच त्यांचा धंदा. ऐरोली-महापे पट्ट्यातही तेच. फक्त या साखळीचे शेवटचे टोक, म्हणजे माझ्या दप्तरातली बॅटरी, कोणाच्याच वहीत नाही. ट्रायने सेवेच्या गुणवत्तेचे नवे विनियम केले, ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यात कॉल तुटण्याचे प्रमाण आहे, डेटाच्या दर्जाच्या कसोट्या आहेत, कोणत्या भागात कोणती सेवा पोहोचते त्याचे नकाशे कंपन्यांनी प्रसिद्ध करावेत असेही आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण नकाशावर फाइव्ह-जीचा रंग भरला म्हणजे त्या रंगाखाली राहणाऱ्याचा फोन किती ओरडतो, हे कळत नाही. रंग एकच, पायथ्यालाही आणि काठालाही.

युरोपने या बाबतीत एक पाऊल टाकले आहे. २० जून २०२५ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनवर, आपल्याकडे फ्रीजवर तारे असतात तशी ऊर्जेची पट्टी लावावी लागते. एका चार्जिंगवर फोन किती वेळ चालेल ते तिच्यावर लिहावे लागते. आणि आठशे आवर्तनांनंतरही बॅटरीत ऐंशी टक्के क्षमता राहिली पाहिजे, असे बंधन आहे. आपल्याकडे फोनच्या खोक्यावर मिलीअँपिअर-तासांचा आकडा ठळक असतो. पण टाकी किती लिटरची हे सांगून गाडी किती धावेल ते न सांगण्यासारखे हे आहे. आणि जरी सांगितले, तरी ते टॉवरच्या पायथ्याशी की काठाला? क्षीण रेंजमध्ये फोन किती तास टिकतो याची वेगळी चाचणी व्हावी आणि तो आकडा खोक्यावर छापावा, ही माझी पहिली मागणी. दुसरी, अमर्याद डेटाची अट फाइव्ह-जीला बांधून ठेवू नये. जिथे कंपनीचे फाइव्ह-जी धड पोहोचत नाही तिथल्या ग्राहकाला तीच सवलत फोर-जीवर मिळावी. कंपन्या म्हणतील, फोर-जीवर गर्दी होईल. होऊ द्या, किंवा मग काठापर्यंत नीट पोहोचा. तिसरी मागणी आपल्या दाराशीच आहे. कॉलेजने ग्रंथालयात आणि मुलींच्या विश्रांतिकक्षात चार्जिंगसाठी चार पाट्या बसवाव्यात, आणि हजेरी, प्रवेशपत्र, ग्रंथालयाचे कार्ड यांना कागदाचा पर्याय चालू ठेवावा. प्राध्यापक मंडळींपैकी काहींना हे आळशी विद्यार्थ्यांचे लाड वाटतील. त्यांनी एकदा फोन तीन टक्क्यांवर असताना परीक्षेच्या शुल्काचा ओटीपी येण्याची वाट पाहावी.

सिक्स-जीची भाषा सुरू झालेली आहेच. केंद्र सरकारने ‘भारत ६जी’चा संकल्पपत्र-ग्रंथ मार्च २०२३ मध्ये प्रकाशित केला आणि जगभर २०३० हे वर्ष डोळ्यांपुढे ठेवून काम चालू आहे. आपण तोपर्यंत पदवीधर होऊन कुठे ना कुठे चिकटलेलो असू. पुढची पहिली पंगत आपल्या धाकट्या भावंडांची असेल. ट्राय कोणताही मोठा निर्णय घेण्याआधी चर्चापत्र काढते आणि त्यावर कोणीही लेखी मत पाठवू शकतो. त्याला अभियंता असण्याची अट नाही. सेवेच्या गुणवत्तेवरील पुढचे चर्चापत्र निघेल तेव्हा पाठवायच्या पत्राचा मसुदा मी मराठीत लिहून ठेवला आहे. तो वाङ्मय मंडळाच्या फलकावर लावते आहे, कागदावर. नावडे, तळोजे, पेंधर, कळंबोलीकडून येणाऱ्यांनी तो वाचून खाली आपापल्या गावाचे नाव आणि फोन साधारण किती वाजता बंद पडतो ती वेळ लिहावी. पेन दोरीने बांधून ठेवला आहे.